सव्वा महिना

मागच्या उन्हाळ्यात सानगडीत नात्यातल्या एका लग्नाला आम्ही दोघी बहिणी गेलो होतो. पंगतीत शेजारी बसलेल्या मावशीनं ताईच्या पोटाकडे पाहिलं आणि विचारलं, "कितवा हाये वं?"

ताईनं हातातला घास ताटात ठेवला, हसली आणि म्हणाली, "सहावा."

ताईला दिवस गेलेले नव्हते. तिची मोठी मुलगी नऊ वर्षांची आहे आणि जुळे मुलगे पाच वर्षांचे. जुळ्यांच्या वेळी तिचं पोट इतकं ताणलं गेलं, की ते नंतर पूर्ववत झालंच नाही. वजन तिचं फार नाही, हातपाय बारीक आहेत. पण नाभीखालची कातडी लोंबते आणि ती उभी राहिली की पोट पुढे येतं. तिनं खरं सांगितलं असतं, तर मावशीनं तिथंच उपाय सांगायला सुरुवात केली असती. ओव्याचं पाणी, योगासनं, रात्रीचं जेवण बंद. 'सहावा' म्हटल्यावर विषय संपला.

रात्री ओसरीत मुलं झोपल्यावर तिनं मोबाईल माझ्यापुढे धरला. कुठल्याशा डॉक्टरचं रील होतं. डावीकडे आधीचं पोट, उजवीकडे नंतरचं. "हे टमी टक म्हंतेत ते नागपुरात होते का?" तिनं विचारलं. मी हो म्हणाले. मग बराच वेळ गप्प राहून तिनं दुसरा प्रश्न विचारला.

"धडधाकट बाईनं हे करनं पाप हाये का?"

ताई देवभोळी नाही. 'पाप' हा शब्द तिनं वापरला, कारण तिच्याकडे दुसरा शब्द नव्हता. तिला विचारायचं होतं की, काही दुखत-खुपत नसताना, घरात तीन मुलं असताना, आपल्या शरीरासाठी एवढा पैसा आणि एवढा धोका पत्करायचा आपल्याला हक्क आहे का.

मी नागपुरात नोकरी करते, इंग्रजी वाचते, इन्स्टाग्रामवर योग्य त्या लोकांना फॉलो करते. त्यामुळे माझं उत्तर तयार होतं. तू आहेस तशी सुंदर आहेस. पोटावरच्या या रेषा म्हणजे तुझ्या आईपणाच्या खुणा आहेत. लोकांच्या नजरेसाठी स्वतःला कापून घेऊ नकोस.

ताईनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तुले कोनी कधी विचारलं का, कितवा?"

नाही विचारलं. मी गप्प झाले. आजवर मावशी तिला सांगत होती की पोट कमी कर. आता मी सांगत होते की पोटावर प्रेम कर. ताईच्या पोटाचं काय करायचं हे दोघींनाही ठाऊक होतं. तिच्याकडून काय हवं ते विचारलं मात्र कुणीच नव्हतं.

आधी माहिती

न्याय-अन्याय ठरवण्याआधी वस्तू काय आहे ते कळलं पाहिजे, म्हणून मी वाचायला बसले.

आपल्या पोटाच्या मधोमध दोन उभे स्नायू असतात आणि त्यांना जोडणारी एक पट्टी असते. गरोदरपणात ही पट्टी ताणली जाते आणि स्नायू बाजूला सरकतात. बहुतेक बायकांमध्ये बाळंतपणानंतर काही महिन्यांत ते बरेचसे जवळ येतात. काहींमध्ये येत नाहीत. फिजिओथेरपीच्या व्यायामानं पोटात ताकद येते, पाठीचा त्रासही कमी होऊ शकतो, म्हणून आधी तो उपाय करून पाहायचा असतो. पण जास्तीची, सैल झालेली कातडी व्यायामानं आखडत नाही. ताईला आयुष्यभर "व्यायाम कर" म्हणणारे सगळे तिला न जमणारी गोष्ट करायला सांगत होते.

टमी टकमध्ये ओटीपोटावर, साधारण एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत छेद घेतात. वरची कातडी आणि चरबी स्नायूंपासून सोडवतात, दूर गेलेले स्नायू टाक्यांनी जवळ आणतात, कातडी खाली ओढून जास्तीची कापून टाकतात आणि नाभीसाठी नवी जागा करतात. पूर्ण भूल द्यावी लागते. दोन ते चार तास लागतात. नंतर काही दिवस आत साचणारं पाणी बाहेर काढायला नळ्या ठेवाव्या लागू शकतात, कित्येक आठवडे पोटाला घट्ट पट्टा बांधावा लागतो, आणि सुरुवातीला कमरेत वाकून चालावं लागतं. व्रण वर्ष-दीड वर्षात फिका होतो, जात नाही. नाभीखालची जागा काही महिने बधिर राहते. कधी थोडा बधिरपणा कायमचा राहतो. नाभीखालच्या ताणाच्या रेषा कातडीबरोबर जातात, वरच्या राहतात.

हे वजन कमी करण्याचं ऑपरेशन नाही. वजन काही महिने स्थिर असावं लागतं. पुढे मूल हवं असेल तर थांबायला सांगतात, कारण पोट पुन्हा ताणलं जाईल. धोकेही आहेत: आत पाणी साचणं, जखम पिकणं, रक्तस्राव, कडेची कातडी मरणं. सर्वांत गंभीर धोका पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होऊन ती फुप्फुसात जाण्याचा. तो क्वचित होतो, पण जीव घेऊ शकतो. म्हणून ऑपरेशननंतर लवकरात लवकर उठवून चालवतात. पोटरी सुजली, दुखली किंवा अचानक धाप लागली, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठायचा असतो. सानगडीहून साकोली आणि साकोलीहून महामार्गानं शंभरेक किलोमीटर नागपूर, हा हिशेब इथं मध्ये येतो. पहिले काही दिवस नागपुरातच माझ्या खोलीवर राहायचं, असं आम्ही तेव्हाच ठरवलं.

आणि ऑपरेशन कोण करणार? आपल्याकडे 'कॉस्मेटिक' हा शब्द पाटीवर कुणीही लावतो. आधी सर्जरीचं पदव्युत्तर शिक्षण आणि त्यावर प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी ही पदवी आहे का, भूलतज्ज्ञ वेगळा आहे का, काही बिघडलं तर तिथंच अतिदक्षता विभाग आहे का, हे विचारायला लाज वाटता कामा नये. रील पाहून डॉक्टर ठरवायचा नाही, हे मी ताईला सांगितलं. ती म्हणाली, "म्हशीचा सौदाबी आपन चार घरं फिरून करतो."

नाक आणि पोट

ताईच्या प्रश्नाकडे परत येते. दुखणं नसताना शरीर बदलणं चूक आहे का?

प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासातली एक प्रसिद्ध गोष्ट पुण्याची आहे. 1794 च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये कावसजी नावाच्या एका मराठी शेतकरी माणसाची हकीकत छापून आली. तो इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायचा. टिपूच्या लोकांनी त्याला पकडलं आणि त्याचं नाक व एक हात तोडला. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसानं मेणाच्या पातळ पत्र्यानं नाकाचं माप घेतलं, तेवढी कातडी त्याच्या कपाळावरून सोडवली आणि वळवून नाकाच्या जागी बसवली. इंग्रज डॉक्टरांनी ते पाहिलं. ती हकीकत वाचून पुढे 1814 मध्ये जोसेफ कार्प्यू या सर्जननं लंडनमध्ये तसंच ऑपरेशन केलं.

आता पाहा, कावसजीला नाक कशाला हवं होतं? श्वास तर बिननाकाचाही घेता येत होता. त्याला नाक हवं होतं ते लोकांत बसण्यासाठी. 'नाक कापलं जाणं' याचा अर्थ मराठीत आजही अब्रू जाणं असाच आहे. त्याच्या ऑपरेशनला कुणी हौस म्हणत नाही. दुखणं नसलं तरी चारचौघांत मान वर करून बसता यावं, ही गरज आपण त्याच्या बाबतीत मान्य करतो.

यावर कुणी म्हणेल, त्याचं नाक शत्रूनं कापलं. ताईचं पोट निसर्गानं सैल केलं. कुणी अन्याय केलेला नाही, मग दुरुस्ती कसली? पण मोतीबिंदूही निसर्गानंच येतो. कुणी केलं यावरून दुरुस्तीचा हक्क ठरत नाही. उपचार आणि हौस यांच्यातली रेघ विमा कंपनीला ओढावीच लागते, आणि आपल्याकडच्या आरोग्यविम्यात सौंदर्यासाठीची सर्जरी सहसा वगळलेलीच असते. त्या रेघेनं बिल कुणी भरायचं एवढं ठरतं. माणसानं काय इच्छावं, हे ठरवायला ती पुरत नाही.

तरीही माझ्या मनातला एक आक्षेप गेला नव्हता. कावसजीला नाक हवं होतं, कारण सगळ्यांनाच असतं. सपाट पोट तीन मुलांनंतर किती जणींना असतं? हीदर विडोज या ब्रिटिश तत्त्वज्ञ बाईंचं 'परफेक्ट मी' हे 2018 मधलं पुस्तक याच प्रश्नाभोवती आहे. त्यांचं म्हणणं साधारण असं, की सुंदर दिसणं हे आज नुसतं आवडीचं राहिलेलं नाही, ते नीतीचं माप झालं आहे. जी शरीराकडे लक्ष देते ती चांगली, शिस्तीची. जी देत नाही ती आळशी. हे मला पटतं. आणि मग भीती वाटते. एका बाईनं पोट सपाट केलं, की शेजारणीच्या पोटावरची नजर अजून थोडी कडक होते. ताईच्या ऑपरेशननंतर गावात दुसरीला कुणी म्हणेल, "तिनं केलं, तू का नाही?"

हे मी ताईला सांगितलं. तिनं विचार केला आणि म्हणाली, "मंग गावाची नजर सुधरेपर्यंत मी असंच राहू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. गावाची नजर सुधारण्याचं काम सगळ्यांचं आहे आणि ते झालंच पाहिजे. पण ते होईपर्यंतचं भाडं जिच्याकडे सर्वांत कमी आहे तिनंच भरावं, असं म्हणणारी मी कोण? त्या नजरेचा दंड मी एक दिवसही भरलेला नाही.

मी तिला तिची कारणं विचारली. पाठ दुखते. रोवणीत वाकल्यावर कातडीच्या घडीत घाम साचून चट्टे उठतात. ब्लाउज नीट बसत नाही. कुणी 'कितवा' विचारू नये. आणि शेवटी खाली बघत, "मले पाहावसं वाट्टे स्वतःले." यातली कोणती इच्छा तिची स्वतःची आणि कोणती लोकांनी घातलेली, हे वेगळं करायचा मी प्रयत्न केला. जमलं नाही. स्वतःच्या इच्छेचंही मी तसं करून पाहिलं. इंजिनिअर व्हायची माझी इच्छा कितपत माझी होती, हेही मला सांगता आलं नाही. इच्छा कुणाचीच सोवळी नसते. मग निदान निर्णय तरी मोकळा असावा. त्यासाठी पूर्ण माहिती हवी, घाई नको, आणि नाही म्हणायची वाट शेवटपर्यंत उघडी हवी.

खर्रा

ऑगस्टमध्ये आम्ही नागपूरला डॉक्टरांकडे गेलो. ताई, भाऊजी आणि मी. डॉक्टरांनी तपासलं. स्नायू बरेच दूर गेलेले होते आणि नाभीपाशी लहान हर्निया निघाला. हर्नियाची दुरुस्ती त्याच ऑपरेशनमध्ये होईल, म्हणाले. रक्त कमी आहे का, साखर किती, हे पाहायला तपासण्या लिहून दिल्या. सिकलसेलचीही दिली, कारण आमच्या पूर्व विदर्भात तो आजार बराच आहे आणि भूल देण्याआधी तो माहीत असावा लागतो. मग त्यांनी विचारलं, "तंबाखू, खर्रा, काही?"

"नाही," ताई म्हणाली.

मी खाली पाहिलं. ताई खर्रा खाते, हे मला माहीत होतं. रोवणीच्या दिवसांत बायकांच्या टोळीबरोबर लागलेली सवय. दिवसभर चिखलात वाकून पऱ्हे लावताना भूक मरते, म्हणाली होती. पुडी धानाच्या कोठीत लपवते. भाऊजी स्वतः खातात, पण तिचं त्यांना माहीत नाही. आणि ते शेजारच्याच खुर्चीवर बसले होते.

डॉक्टर समजावत होते, की निकोटिननं रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. या ऑपरेशनमध्ये कातडी मोठ्या भागात उचलून खाली ओढलेली असते, तिला मोजक्याच वाहिन्यांतून रक्त मिळतं. त्यात निकोटिन असलं, तर कडा काळ्या पडून मरू शकतात, जखम महिनोन्महिने भरत नाही. ताईनं मान हलवली. मीही हलवली. बाहेर पडताना मला कळलं, की आत्ता मीसुद्धा खोटं बोलले आहे.

एसटी भंडाऱ्याच्या पुढे गेल्यावर मी विषय काढला. ती म्हणाली, "घरी मालूम झालं तं?" मी म्हटलं, तू डॉक्टरला फोन कर, नाहीतर मी करीन. हे वाक्य बोलताना मला ते बरोबर वाटलं होतं आणि आजही पुरतं चूक वाटत नाही. पण ती धमकी होती. तिच्या शरीराचा निर्णय तिचा, असं महिनाभर म्हणणाऱ्या मीच तिची गुप्त गोष्ट हातात धरून तिला ओढत होते. तिचा जीव वाचवायचा तर तेवढं करावंच लागलं असतं, असं मी स्वतःला सांगते. तिची माफी मी नंतर मागितली.

दुसऱ्या दिवशी तिनं छतावर जाऊन फोन लावला. "सर, मी खर्रा खातो. काल सांगतलं नाही." पलीकडून काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. तिनं फोन ठेवून सांगितलं, की ते रागावले नाहीत. खर्रा पूर्ण बंद करून निदान महिना-दीड महिना जाऊ दे, मग तारीख ठरवू, ऑपरेशननंतरही नाहीच खायचा. आणि पुढच्या वेळी आपण एकटं बोलू, असं म्हणाले.

तुम्ही कुणाबरोबर डॉक्टरकडे जाणार असाल, तर ही एक गोष्ट लक्षात ठेवा. सोबत जा, पण दोन मिनिटं बाहेर थांबा. खोलीत नवरा, सासू, बहीण कुणीही असलं, की बाई त्या माणसाला साजेसं उत्तर देते.

सव्वा महिना

खर्च लाखाच्या पुढे होता. बचत गट आणि शिवणकाम यांतून सहा वर्षांत तिनं ते पैसे जमवले होते. घरात पैशावरून वाद होईल अशी माझी तयारी होती. झाला नाही. भाऊजी म्हणाले, "तिचे पैसे हायेत." धोक्यावरूनही फार बोलणं झालं नाही. घर थांबलं ते एका साध्या वाक्यावर. ताई म्हणाली, "सहा आठवडे जड उचलायचं नाही. गुंड नाही, धानाचं पोतं नाही, पोराले कडेवर नाही."

सगळे गप्प. मग सासूबाई म्हणाल्या, "मंग घरचं कोन करन?"

तेव्हा मला समजलं, की या ऑपरेशनची खरी किंमत सहा आठवडे आहे. पैसे तिला जमवता आले, कारण ते चोरून-मारून, दहा-वीस करून जमतात. विश्रांती तशी जमवता येत नाही. ती कुणीतरी द्यावी लागते.

सासूबाई वाईट नाहीत. जुळे झाले तेव्हा त्यांनीच जुन्या लुगड्यानं ताईचं पोट बांधलं, रोज शेक दिला, डिंकाचे लाडू केले. सव्वा महिना तिला पाण्याला जाऊ दिलं नाही. म्हणजे या घराला बाईला झोपवून ठेवता येतं. तेव्हाही शेती होती, पाणी होतं, मोठी मुलगी चार वर्षांची होती, आणि सगळं झालं. फरक इतकाच, की तेव्हा ताईच्या शरीरानं घराला काही दिलं होतं. आता ते स्वतःसाठी काही मागत होतं.

'पाप हाये का' या प्रश्नाचं मूळ मला इथं दिसलं. ताईला पापासारखी वाटत होती ती विश्रांती. भाऊजींचं दोन वर्षांपूर्वी अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, तेव्हा ते घरी आल्यावर कितीतरी दिवस खाटेवर होते. घरचं कोण करेल, असं कुणी विचारलं नाही. कारण करणारी होतीच.

तर ताईला मी शेवटी दिलेलं उत्तर असं. पाप नाही. तुला हे हवंसं वाटणं याची सफाई तू कुणाला द्यायची नाहीस, मलाही नाही. पण सहा आठवडे मिळणार नसतील, तर करू नकोस. ऑपरेशन चूक आहे म्हणून नाही. टाके आतून तुटतील, हर्निया परत येईल आणि सगळे म्हणतील, पाहा, हौस नडली. डॉक्टरला विचारायचे प्रश्न आपण यादी करून विचारले. घराला विचारायचा एकच होता, आणि तो आधी विचारायला हवा होता.

तारीख अजून ठरलेली नाही. धान कापून घरात येईपर्यंत ताई थांबणार आहे. खर्रा सोडल्याला पाच आठवडे झाले होते; मग एका संध्याकाळी तिनं खाल्ला, मला फोन करून सांगितलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली. कॅलेंडर स्वयंपाकघरात आहे, त्यामुळे आकडे कशाचे ते आता सगळ्यांना माहीत आहे. भाऊजी काही बोलले नाहीत. ते आता अंगणात जाऊन खातात.

मागच्या आठवड्यात मी गावी गेले होते. रात्री जेवताना सासूबाईंनी अचानक विचारलं, "सहा आठवडे म्हंजे किती दिस?"

"बेचाळीस," मोठी मुलगी म्हणाली.

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. "म्हंजे सव्वा महिन्याहून चार दिस जास्त."

"हो," ताई म्हणाली.

पुढे कुणी बोललं नाही. तो होकार होता, असं मी म्हणणार नाही.